पाणी कुठवर आले?

पावसाने जोर धरला, की आमच्या कोल्हापुरात माणसे एकमेकांची खुशाली विचारीत नाहीत. 'पाणी कुठवर आलं?' एवढेच विचारतात. दूधवाला पिशवी हातात देता देता विचारतो, भाजीवाली तराजू उचलता उचलता विचारते, बँकेतला कारकून पासबुक परत करताना विचारतो. उत्तरेही ठरलेली असतात. 'जामदार क्लबापर्यंत आलंय.' 'गायकवाड वाड्याला लागलं.' 'सुतारवाड्यातली माणसं हलवली म्हणे.' परगावच्या पाहुण्याला यातून काही बोध व्हायचा नाही. पण कोल्हापूरकराला तेवढ्यावरून नदी किती फुगली ते बरोबर समजते.

आणि मग संध्याकाळी आख्खे घर 'पाणी बघायला' निघते. हो, निघतेच! स्कूटरवर पुढे एक पोर, मागे बायको, तिच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेले दुसरे पोर. रिक्षातून आजी, तिच्या हातात नदीची ओटी भरण्यासाठी खण-नारळ. पाण्याच्या कडेला कणसे भाजणारा आपली शेगडी घेऊन हजर असतो. पाणी चार पावले वर सरकले की तोही शेगडी उचलून चार पावले मागे सरकतो. माझी पुण्याची जाऊ पहिल्यांदा हे पाहून म्हणाली होती, "बाई गं, तुमच्याकडे पुराबरोबरसुद्धा भेळ लागते!" मला जरा राग आला होता. पण तिचे खोटे नव्हते.

कोल्हापूरकर हा मुळातच बघ्या माणूस. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचे कुस्ती-मैदान बांधले ते असे, की कुठेही बसा, लाल माती नीट दिसली पाहिजे. तेव्हापासून आम्हांला सवय लागली असावी. पुढे काही चालले असेल, तर ते नीट दिसेल अशी जागा धरायची, आणि तोंडाने गप्प बसायचे नाही.

पुराचे गणित आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही येते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती अशा पाच नद्या प्रयाग चिखलीला एक होतात, म्हणून ती पंचगंगा. पाऊस पडतो तो गगनबावड्याला आणि राधानगरीला, आणि पाणी वाढते ते आमच्या दारात. पाणी मोजायचे ते कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर. पावसाळ्याआधी त्याचे बरगे काढून ठेवतात आणि मग नदीला वाट मोकळी. ३९ फुटांवर पाणी आले की इशारा, ४३ फुटांवर धोका. त्यात राधानगरीच्या धरणाचे सात दरवाजे आहेत स्वयंचलित. तलाव काठोकाठ भरला, की पाण्याच्याच जोराने आपोआप उघडतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक. 'तीन नंबरचा उघडला' अशी बातमी आली, की गंगावेशीतला माणूस दुकानातला माल वरच्या फळीवर ठेवू लागतो. खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णाच फुगलेली असली तर आमच्या पाण्याला पुढे जागा नाही. ते आठ-आठ दिवस उतरत नाही. मग त्यावरून अलमट्टीच्या धरणाचा वाद दर साली रंगतो. त्यात मी शिरत नाही. भूगोलाची मास्तरीण असूनही.

वाडीला मात्र लोक पाणी यायची वाट पाहतात. दत्ताच्या देवळात पुराचे पाणी उत्तरेच्या दाराने शिरते आणि पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्या दक्षिणद्वारात स्नान करायला माणसे रात्री-अपरात्री धावतात. पाणी किती चढल्यावर ते घडते, याचा हिशेब तिथल्या मंडळींना तोंडपाठ. सांगायचे एवढेच, की पाण्याकडे बघत बसणे हे आमच्या अंगात मुरलेले आहे.

पण माझ्या लहानपणी पाणी बघायला जाणारे लोक खरे म्हणजे पाणी बघत नसत. ते बघत पुलावरची पोरे.

पन्हाळ्याच्या, रत्नागिरीच्या वाटेवर ब्रिटिश आमदानीतला दगडी कमानींचा शिवाजी पूल आहे. पूर आला की तालमीतली पोरे त्याच्या कठड्यावर चढत आणि खाली लालभडक पाण्यात उड्या घेत. अलीकडे पूर आला की तिथे पोलीस उभे असतात, उड्यांना मनाई असते, आणि ते योग्यच आहे. पण मी सांगते ती गोष्ट आज पन्नासएक वर्षांपूर्वीची. मी तेव्हा पाचवीत होते. माझा थोरला भाऊ, दादा, कॉलेजात होता आणि तो त्या पोरांपैकी एक होता.

दादा पोहायला शिकला तो कोटितीर्थावर, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. त्याच्या आधीची पिढी वाळल्या भोपळ्यावर शिकलेली. एक-दोन उन्हाळ्यांत डबा सुटे, मग रंकाळा, मग नदी आणि शेवटी पुराची नदी, अशी ती इयत्ता होती. मुटका, सूर हे प्रकार विहिरीत चालत. पुरात सूर मारणारा शहाणा समजला जात नसे, कारण पाण्याखालून कोणता ओंडका चालला आहे हे देवालाच ठाऊक. पुरात पाय खाली घेऊन सरळ पडायचे, वर यायचे आणि नदीशी भांडायचे नाही. ती नेईल तिकडे जायचे; जाता जाता तिरपे कापत काठ जवळ करायचा. पुलावरून पडलेला पोरगा पुष्कळ खाली, पाण्यात अर्ध्या बुडालेल्या बाभळींपाशी निघे.

माझे काम कपडे सांभाळण्याचे. घरी आईला सांगायचे, की दादा मला शिकवणीला सोडायला चालला आहे. मग पुलाच्या खालच्या अंगाला काठावर मी त्याचा सदरा, लेंगा आणि घड्याळ ओच्यात घेऊन उभी. कपडे सांभाळण्यापेक्षा महत्त्वाचे दुसरे काम त्याने मला पहिल्याच दिवशी नेमून दिले होते.

"पडलो तिथं बघत बसू नकोस," तो म्हणाला. "पाणी काय तिथं थांबतंय व्हय? खाली बघायचं. त्या तिरक्या बाभळीच्या समोर. तिथनं वर आलो की बोट करायचं, आणि मी काठाला लागेपर्यंत बोट खाली घ्यायचं नाही."

"आणि मला शिंक आली तर?"

"तर डोळे उघडे ठेवून शिंक."

आता लक्षात येते, की त्या गर्दीत दादाला कुणी बघत नव्हते असे नव्हे. शेकडो लोक बघत होते. पण ते उडी बघत. उडी झाली, पाणी उडाले, आरोळी उठली, की सगळ्यांच्या माना पुन्हा वर, पुढच्या पोराकडे. पाण्यात पडलेला पोरगा त्यांच्या दृष्टीने संपलेला असे. त्याचा खरा खेळ मात्र तेव्हा कुठे सुरू झालेला असे.

एका संध्याकाळी दादाची उडी झाली, तो बाभळीपाशी निघाला आणि निथळत काठाने वर येऊ लागला. तेवढ्यात कठड्यावर एक नवाच पोरगा चढला. चट्ट्यापट्ट्यांचा शर्ट अंगातच होता. वय तेरा-चौदा. चढला खरा, पण खाली बघून त्याचे पाय थरथरू लागले असावेत, कारण तो वाकला आणि हाताने कठडा धरू लागला. काठावरून आरोळी उठली, "मार की! मार की!" शिट्ट्या झाल्या. कुणी कणसाचे बुरकुंड फेकले. आणि माझ्याही तोंडून, चांगल्या खणखणीत आवाजात निघाले, "भित्रा रे भित्रा!"

मुलीचा आवाज होता तो. तेवढ्या पुरुषी गोंगाटात तो वेगळा उठला. पोराने माझ्याकडे बघितले. निदान मला आजवर तसे वाटत आले आहे. मग त्याने कठडा सोडला.

उडी धड पडली नाही. तरी टाळ्या कडकडून झाल्या. माना वर गेल्या. दुसरा कुणी लंगोट कसून चढतच होता. मी दादाच्या सवयीने बाभळीकडे बघत राहिले. एक आकडा मोजला, दहा मोजले, वीस मोजले. बाभळीसमोर काही नाही. मग पुलाच्या खांबामागे, जिथे पाणी फुगवटा धरून गरगरते, तिथे मला एक हात दिसला. नुसता हात. शर्टाची बाही दिसली आणि गेली.

ओरडावे म्हटले तर घशातून शब्द फुटेना. मी बोट मात्र केले, आणि बोट तसेच धरून काठाने धावत सुटले. दादाने माझा चेहरा पाहिला, बोट पाहिले आणि काही न विचारता पाण्यात गेला. पुढचे मला तुकड्या-तुकड्यांनी आठवते. तो भोवऱ्याच्या कडेने कसा फिरला, एकदा दोघेही दिसेनासे कसे झाले, मी 'डावीकडे, डावीकडे' असे कसे किंचाळत होते. अखेर तालमीतल्या आणखी दोघांनी उड्या टाकल्या आणि बाभळीच्या बऱ्याच खाली, उसाच्या बुडालेल्या फडापाशी, त्या पोराला केसांना धरून बाहेर काढले. त्याने भडभडून पाणी ओकले, श्वास घेतला, आणि पहिली गोष्ट विचारली, "माझं चप्पल?" चपला पुलावर राहिल्या होत्या. त्या हरवल्या तर आई मारील म्हणून तो रडू लागला.

घरी आल्यावर आईने दादाच्या केसांना वास घेऊन सगळे ओळखले. पुराच्या पाण्याला एक वास असतो, चिखलाचा आणि कुजक्या गवताचा. तो दोन न्हाण्यांनी जात नाही. तिने आधी मला जवळ ओढले.

"तू तिथं होतीस?"

"हो."

"सगळा वेळ बघत होतीस? हा पाण्यात असताना?"

"हो."

"मग बरं," ती म्हणाली, आणि वळून दादाच्या मुस्काटात दिली.

माझी आई आयुष्यात कधी पाणी बघायला गेली नाही. ओटी भरायला जायची, डोळे मिटून नमस्कार करायची आणि पाठ फिरवून घरी यायची. ती का बघत नसे, हे मी तिला कधी विचारले नाही.

'भित्रा' म्हणून कोण ओरडले, हे दादाला आजवर ठाऊक नाही. त्या पोराला त्याने वाचवले आणि मी दाखवले, म्हणून आमचे दोघांचे कौतुकच झाले. तालमीतल्या वस्तादांनी मला पेढा दिला. तो मी खाल्ला. ही गोष्ट दादाला आता या लेखातून कळेल. त्याची नजर गेल्या काही वर्षांत काचबिंदूने अधू झाली आहे, त्यामुळे हा अंक त्याला कुणी तरी वाचून दाखवावा लागेल. ते मीच करीन म्हणते.

लग्नानंतर मी शाहूपुरीत आले, कुंभार गल्लीच्या जवळ. तिथे पावसाळ्यात घरोघर गणपतीच्या मूर्ती वाळत असतात आणि पूर आला की पहिली धावपळ मूर्ती उचलण्याची. १९८९ चा पूर पाहिला, २००५ चा पाहिला. दर वेळी पाणी आमच्या कोपऱ्यावरून परत गेले. म्हणून २०१९ च्या ऑगस्टात आम्ही दोघे नवरा-बायको निर्धास्त होतो. पाणी यायचे ते कोपऱ्यापर्यंत, असा आमचा पक्का समज. त्या वर्षी बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर पाणी गेले. पहाटे उठून मी जिन्याखाली दिवा दाखवला, तर तिसऱ्या पायरीवर माझी चप्पल तरंगत होती.

आम्ही दोन रात्री माडीवर काढल्या. वीज नव्हती. शहराची पाणी उपसा केंद्रेच पाण्याखाली गेलेली, त्यामुळे खाली पुरुषभर पाणी आणि प्यायला घागरीत तळाशी चार भांडी. पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद, त्यामुळे पेट्रोल नाही आणि दुधाची टंचाई. आमच्या कोल्हापुरात दुधाची टंचाई! ट्रान्झिस्टरवर बातमी आली, की तिकडे सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला लोकांना घेऊन निघालेली बोट उलटली. यांनी ट्रान्झिस्टर बंद केला. मग बराच वेळ आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस जरा उघडला, तेव्हा मी खिडकीत उभी राहिले. आमच्या गल्लीच्या टोकाला, जिथे रस्त्याचा चढ सुरू होतो, तिथे पाण्याची कड होती. आणि कडेला माणसे उभी होती. छत्र्या होत्या, रेनकोट होते, टॉवेलात गुंडाळलेली पोरे होती. शेगडीवाला दिसला नाही, पण असता तर मला आश्चर्य वाटले नसते. निम्म्या लोकांच्या हातांत मोबाइल होते आणि ते आमच्या खिडकीकडे रोखलेले. एक पोरगी ओरडली, "काकू, हात हलवा की!"

आणि मी हलवला! त्या वेळी हसूही आले असावे मला. खिडकीतून आत आले, तेव्हा मात्र पाय कापू लागले आणि मी कॉटवर बसले. मला तो चट्ट्यापट्ट्यांचा शर्ट आठवला.

एक सांगायला हवे, नाही तर त्या काठावरच्या लोकांवर अन्याय होईल. त्यांत एक माणूस होता, मध्यम वयाचा, निळी छत्री घेऊन उभा राही. मोबाइल कधी दिसला नाही त्याच्या हातात. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा तो येई आणि आमच्या ओळीतल्या खिडक्यांवरून बोट फिरवीत तोंडाने काही मोजी. पहिल्या दिवशी मला वाटले, सरकारी माणूस असेल. दुसऱ्या संध्याकाळी त्याचे बोट आमच्या शेजारच्या खिडकीवर थांबले. तिथे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाई सकाळपासून दिसल्या नव्हत्या, हे आमच्या ध्यानात आलेले नव्हते. भिंतीला भिंत असून. त्याने हाका मारल्या, मग कुणाला तरी पिटाळले आणि तासाभरात बोट आली. बाई तापाने पडून होत्या. त्यांना आधी उतरवले, मागून आम्हांला. बोटीतून उतरल्यावर मी त्याला शोधले, पण निळ्या छत्र्या पुष्कळ होत्या.

पुढच्या वर्षी सगळे जग घरात कोंडून बसले. त्या टाळेबंदीत दादाचा नातू मोबाइलवर पोर्तुगालमधले एक गाव बघायचा, नाझारे नावाचे. टाळेबंदी शिथिल झाल्यावर आला तेव्हा तो मला म्हणाला, "आत्याआजी, हे बघ. ह्याला म्हणतात लाट!"

वाचकांपैकी पुष्कळांनी ते चित्र पाहिले असेल. एका कड्यावर जुना किल्ला, त्यावर तांबडे दीपगृह, कड्यावर मुंग्यांसारखी माणसे. आणि समोर समुद्रातून एक पांढरट डोंगर उठतो, त्याच्या उतारावरून एक ठिपका घसरत येतो. तो ठिपका म्हणजे फळीवर उभा असलेला माणूस. त्या गावासमोर समुद्राच्या तळाला एक प्रचंड घळ आहे, दोनशे किलोमीटरांहून लांब, आणि तिचे तोंड अगदी किनाऱ्याशी येऊन भिडते. अटलांटिकवरून वादळाचे उधाण आले, की घळीवरून येणारे पाणी आणि बाजूच्या उथळ तळावरून येणारे पाणी एकमेकांवर चढते आणि लाट दुप्पट होते. गावचे कोळी पिढ्यानुपिढ्या त्या बाजूला फिरकत नसत. २०११ साली गॅरेट मॅक्नमारा नावाचा अमेरिकन तिथे ७८ फुटांच्या लाटेवरून उतरला आणि ते गाव जगाला माहीत झाले. २०२० च्या ऑक्टोबरात सेबास्टियन स्टॉयटनर या जर्मनाने ८६ फुटांची लाट साधली.

दादा शेजारी बसून ऐकत होता. "शहाऐंशी फूट? आपलं पंचावन्न झालं होतं की!"

मी त्याला समजावून सांगितले, की आपले फूट बंधाऱ्याच्या बुडापासून मोजायचे, ती काही लाटेची उंची नव्हे. भूगोल शिकवण्याची संधी मी सोडीत नाही. म्हणून हेही सांगितले, की समुद्राच्या लाटेत पाणी फारसे पुढे जातच नाही. बूच टाकले तर ते जागच्या जागी वर-खाली होते. पुढे जातो तो लाटेचा आकार. नदीत नेमके उलटे. पुलाच्या खांबामागे जो फुगवटा दिसतो तो जागचा हलत नाही, पाणी मात्र त्यातून धावत असते. जर्मनीत म्यूनिक शहरात अशाच एका वाहत्या ओढ्यातल्या, आइसबाखच्या, उभ्या लाटेवर लोक फळ्या घेऊन खेळत आले आहेत, आणि बघे पुलाच्या कठड्याला टेकून उभे!

"असू दे," दादा म्हणाला. "त्यांची लाट मिनिटात संपती. आपलं पाणी आठ दिवस जात नाही."

मला मात्र त्या सगळ्यात एकाच गोष्टीने धरून ठेवले. नातू म्हणाला, लाट किती फूट हे ठरते कसे माहीत आहे? काठावरून काढलेल्या चित्रांवरून! माणसाची उंची धरायची आणि ती लाटेत किती वेळा बसते ते मोजायचे. शिवाय तिथे जो माणूस लाटेवर जातो त्याला एक जोडीदार पाण्यावरच्या मोटारसायकलने ओढीत नेऊन सोडतो आणि लाट फुटली की पुन्हा उचलायला धावतो. पण फेसाच्या त्या डोंगरात बुडालेला माणूस पाण्याच्या पातळीवरून दिसत नाही. म्हणून वर कड्यावर दीपगृहापाशी एक माणूस उभा करतात, हातात बिनतारी यंत्र देऊन. मागून किती लाटा येत आहेत, पडलेला कुठे वर आला, उजवीकडे की डावीकडे, हे तो वरून सांगत राहतो. मॅक्नमारासाठी हे काम त्याची बायको निकोल करीत आली.

"म्हणजे हिच्यासारखं," दादा म्हणाला आणि माझ्या दिशेने बोट केले. नजर अधू झाल्याने ते बोट माझ्या शेजारच्या कपाटाकडे गेले. मी काही बोलले नाही. मला पुन्हा तो पेढा आठवला.

नातवाने आणखी एक गोष्ट सांगितली, ती दादाला फार आवडली. हवाई बेटांवर एडी ऐकाऊ नावाचा जीवरक्षक होता. भल्याभल्यांना भिववणाऱ्या वायमियाच्या लाटांत तो लोकांना काढायला शिरे. १९७८ साली समुद्रप्रवासाला निघालेली एक होडी उलटली, तेव्हा मदत आणतो म्हणून तो आपल्या फळीवर बसून एकटा किनाऱ्याकडे निघाला. होडीतले लोक वाचले. तो परत दिसला नाही. आज त्याच्या नावाने वायमियाला स्पर्धा होते, पण लाटा पुरेशा मोठ्या आल्या तरच. कैक वर्षे होतच नाही.

"त्याला निघताना कुणी बघत होतं का?" दादाने विचारले.

"होडीतले सगळे," नातू म्हणाला.

"काठावरनं?"

नातवाला उत्तर देता आले नाही.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी चढले. या खेपेस मी शहाणी झाले होते. कोपऱ्याची वाट न पाहता आम्ही दोघे सामान माडीवर टाकून शिवाजी पेठेत दादाकडे राहायला गेलो. पाणी ५६ फुटांच्या वर गेले. नदीपलीकडे चिखली आणि आंबेवाडी पाण्यात होती आणि तिथली माणसे काढायला बोटी चालल्या होत्या. दादाचा नातू तेव्हा एकोणीस वर्षांचा, स्वयंसेवकांत नाव घातलेला. पोहायला त्याला दादानेच शिकवलेले. सकाळी तो केशरी जाकीट घालून निघाला. दादा म्हणाला, "मला पाणी बघायला ने."

मी त्याला ब्रह्मपुरीच्या चढावर नेले. नदीकाठची ही टेकडी म्हणजे कोल्हापूरचे सर्वांत जुने घर. गेल्या शतकाच्या चाळिशीत तिथे उत्खनन झाले, तेव्हा रोमन बनावटीची एक छोटी ब्राँझची मूर्ती सापडली: पोसायडन, समुद्राचा देव. तो हल्ली टाऊन हॉलच्या संग्रहालयात उभा आहे. समुद्रापासून इतक्या दूर तो इथे कसा आला याची मुलांना मोठी गंमत वाटे. मी दर वर्षी वर्गाला तिथे नेत असे. त्या दिवशी चढावर उभे राहून पाहिले तर त्याला फारसे परके वाटले नसते. घाट नव्हता. देवळे नव्हती, एका कळसाचे टोक तेवढे वर. पुलाच्या कमानी जवळजवळ गेलेल्या. पलीकडे उसाच्या रानाच्या जागी क्षितिजापर्यंत गढूळ पाणी, आणि त्यातून विजेच्या खांबांची ओळ चाललेली.

आमच्या आजूबाजूला गर्दी होतीच. कुणी तरी बोटीचे चित्रण करीत मोठ्याने वर्णन करीत होते. दादाने दोन्ही हातांनी काठी धरली होती आणि चेहरा पाण्याकडे केला होता. पण डोळे भलतीकडेच होते.

"निघाली का बोट?"

"निघाली. चौघे आहेत. हा पुढं बसलाय."

"धारेला लागली?"

"लागतीय आता. खाली ओढतंय."

"सरळ घेतलीय की तिरपी?"

"तिरपी."

"हं. आता कुठं?"

"कळसाच्या पलीकडं. पहिल्या खांबाच्या अलीकडं."

शेजारचा माणूस मला म्हणाला, "काकू, जरा सरकता काय, मधे येताय." त्याचा मोबाइल माझ्या खांद्यावरून रोखलेला होता. मी सरकले नाही.

"आता?" दादाने विचारले.

"झाडाआड गेली. थांब."

"बोट कर," तो म्हणाला. "तुला दिसलं की बोट कर."

"तुला दिसायचं नाही ते."

"दिसायचं नाही. तू कर."

मी हात वर केला. झाडाच्या दुसऱ्या कडेला केशरी ठिपका निघाला. मी त्यावर बोट ठेवले. दादाने चाचपडत माझे मनगट धरले आणि त्याच्या रोखाने आपले तोंड वळवले.

"आता दुसरा खांब," मी म्हणाले. "आता तिसरा."